नवसाची बाटली

देवाशी बोलताना शब्द जपून वापरावेत, हे आनंदीबाईंना कुणी शिकवलंच नव्हतं. मागच्या शिमग्याला गावी गेल्या तेव्हा गावच्या शिवेवरल्या राखणदाराच्या दगडापुढे उभ्या राहून त्या नवस बोलल्या होत्या : माझ्या थोरल्याची दारू सुटू दे, तो धडधाकट घरी येऊ दे, तुला कोंबडा देईन, नारळ देईन आणि एक भरलेली बाटली देईन. दारू सोडवायला दारूचीच लाच देतोय, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. यायचं कारणही नव्हतं. राखणदाराला जे आवडतं ते द्यायचं, आणि त्यांच्या माहेरी किंवा सासरी राखणदारापुढे दुधाची वाटी ठेवलेली कुणी बघितली नव्हती.

त्यांच्या सुनेला, नलूला, कोंबडा आणि नारळ ठाऊक होते. बाटलीचं आज दुपारी कळलं, तेही वाटपासाठी खोबरं भाजता भाजता.

"नलू, कोंडीराम इलो काय बघ गो. तेका बाटली हाडूक सांगितलंय."

"कसली बाटली, आई?"

"नवसाची गो! राखणदाराक काय सुकोच कोंबो घालूचो? बाटली दाखवूची, मगे थोडी राजारामाच्या हातार तीर्थ म्हणान द्यायची. जेच्यासाठी नवस, तेना तीर्थ घेवक होया. नायतर नवस फिटना नाय."

नलूच्या हातातलं उलथणं थांबलं. खोबरं करपल्याचा वास सुटला तेव्हा आनंदीबाई ओरडल्या, "अगो, लक्ष खय तुझा?" आणि नलूनं तवा खाली ओढला. लक्ष कुठे आहे हे सांगायची सोय नव्हती.

राजाराम घरी येऊन तिसरा दिवस होता. वर्षभर तो कर्जतच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, एक म्हातारे डॉक्टर आणि त्यांची बायको चालवत त्या जागी राहिला होता. तिथं देव नव्हता की भजन नव्हतं, तरी लालबागच्या या चाळीत तिला आश्रम म्हणत, कारण दारू सोडवायला माणसाला नेऊन ठेवतात त्या जागेला दुसरा शब्दच कुणापाशी नव्हता. आनंदीबाईंनी तर चाळीत सांगितलं होतं की थोरला झील हवापालटाला गेलाय, पोटाचं दुखणं आहे. चाळीनंही मान डोलावली होती. ज्या माणसांनी राजारामला कितीदा तरी जिन्यावरून उचलून घरात आणून टाकलं होतं, त्यांनी त्या पोटाच्या दुखण्याबद्दल एक प्रश्न विचारला नाही. चाळीची माणुसकी कधी कधी अशी गप्प बसण्यात असते.

तिथं पहाटे उठायचं, गोठा झाडायचा, भाजीच्या वाफ्यांना पाणी घालायचं, दुपारी हातमागावर बसायचं. संध्याकाळी सगळे गोल करून बसत आणि ज्याला बोलावंसं वाटेल तो आपली कर्मकहाणी सांगे. कुणी कुणाला उपदेश करायचा नाही, एवढाच नियम. घरच्यांना महिन्यातून एका रविवारी भेट असे. नलू जवळ्याची चटणी आणि तांदळाच्या भाकऱ्या बांधून जाई. फाटकाजवळच्या करंजाखाली दोघं बसत. सुरुवातीला राजारामच्या हाताला इतका कंप असे की भाकरीचा तुकडा तिनंच मोडून द्यावा लागे. पुढे हात सुधारले, आणि मग तो बोलायला लागला. गिरणीत कापडाच्या साच्यावर उभा असताना डोक्यात काय चालायचं, वडील गेले तेव्हा रडूच कसं आलं नाही, लग्नात नलूच्या नाकातली नथ सारखी कशी हलत होती, असलं काहीबाही. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण या माणसाचं मन असं तिच्यापुढे कधी आलंच नव्हतं. नलू त्या करंजाखाली आपल्याच नवऱ्याच्या प्रेमात पडली. हे कुणाला सांगायची तिला लाज वाटली असती. एक रविवार संपला की ती दुसऱ्याची वाट बघायला लागे, आणि अंथरुणावर पडली की तो शेजारी असता तर, या एका विचारानं तिचा जीव कासावीस होई.

आता तो आला होता. एका खोलीत सासू, दीर आणि सतत येणारे शेजारी, त्यामुळे दोघांना धड चार शब्द बोलायला मिळाले नव्हते, पण तो घरात होता. सोमवारी गिरणीत उभा राहणार होता. नलूला आयुष्याकडून दुसरं काही नको होतं. तो इथं राहावा, बस्स.

एक गोष्ट तेवढी तिला दिसत होती आणि ती न दिसल्यासारखं करत होती. खालच्या गल्लीत एक बाई चोरून दारू विकायची. दारूबंदी होती ती सरकारच्या कागदावर. वाऱ्याची दिशा फिरली की तो आंबूस वास वर गॅलरीपर्यंत यायचा. राजाराम तेव्हा रुमाल नाकाला लावून आतल्या कोपऱ्यात जाऊन बसायचा. गल्लीतली धूळ बाधते त्यांना, असं नलूनं स्वतःला सांगून टाकलं होतं.

कोंडीराममामा उन्हं कलताना आले. आनंदीबाईंचे धाकटे भाऊ, राहायला प्रभादेवीला, आणि मुंबईतल्या गाववाल्यांकडे कुठलंही कार्य असलं की देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. त्यांच्या एका हातात पाय बांधलेला कोंबडा होता आणि दुसऱ्या हातात कोकम आगळाची बाटली.

"आगळ कशाला आणलंत, मामा?" नलूनं विचारलं.

"गप ऱ्हव गो," मामा दबक्या आवाजात म्हणाले. "भायर हवालदार उभो असा. तेना इचारला, काय नेतास? मी म्हटलंय, सोलकढी करूची असा. बूच काढ म्हणालो असतो तर आज तुझी सासू माका चौकीर जेवण घेवन इली असती."

आनंदीबाई हसून हसून खोकल्या. नलूनंही हसल्यासारखं केलं. मग धीर करून म्हणाली, "मामा, तीर्थ म्हणून नारळाचं पाणी दिलं तर नाही का चालणार?"

मामांचा चेहरा गंभीर झाला. देवाचा विषय निघाला की ते थट्टा विसरत. "राखणदार काय खुळो असा? बोलल्यात बाटली आणि देतलास पाणी? उद्या तो पण तसोच वागात. राजारामाक अर्धोच बरो करीत."

 नलू कोंबड्याच्या रश्शाच्या तयारीला लागली.

दिवे लागायच्या सुमाराला शरच्चंद्र, तिचा दीर, ऑफिसातून आला. काखेत घडी केलेले कागदी कंदील. महाराष्ट्राचं राज्य अगदी तोंडावर येऊन ठेपलं होतं, आणि चाळीच्या प्रत्येक खांबाला कंदील लावायचं काम त्यानं अंगावर घेतलं होतं. समितीच्या मोर्चात पाठीवर लाठी खाल्लेला गडी, मॅट्रिक झालेला, घरात सगळ्यांशी सभेत बोलल्यासारखा बोलायचा. बाटलीचं ऐकलं आणि त्यानं कंदील खाटेवर आपटले.

"मामा, ही काय पद्धत झाली? माणूस वर्षभर झगडून तिथून सुटून आला, आणि तुम्ही त्याच्या हातावर दारू घालणार? देवाच्या नावानं? आई, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

नलूच्या मनात दिराविषयी एकदम माया दाटून आली. बोलतंय कुणीतरी, तिला वाटलं. पण आनंदीबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"माझा डोक्या ठिकाणार नाय, बरा! तुमचो बाबा गेलो तेव्हा ह्या डोक्यानच तुमका वाढवलंय. माझो नवस अर्धो ऱ्हवलो आणि तेचा काय वायट झाला तर? आणि तुझा लगीन ठरला असा रे. राखणदाराक दुखवन तू बोहल्यार उभो ऱ्हवतलस?"

 गिरगावातली मुलगी, शिकलेली, तिच्या घरच्यांनी आधीच दोनदा विचारलं होतं की थोरले भाऊ नक्की कुठल्या दुखण्यासाठी गेले होते. शरच्चंद्रनं कंदील उचलून नीट भिंतीला लावले. आवाज खाली आला.

"तसं बघितलं तर वैनी, एक थेंबच आहे. दादानं ओठाला लावल्यासारखं केलं तरी झालं. दादा आता पक्का आहे. एका थेंबानं ढासळत असेल तर मग वर्षभर तिथं केलं काय?"

पाठीवर लाठी खाणारा माणूस आईच्या पदरापुढे किती पटकन बसतो, हे नलूनं पाहिलं. आणि तिला तेवढ्यापुरता रागही आला नाही, कारण दिराचं शेवटचं वाक्य तिच्या आत जाऊन बसलं होतं. खरंच, एक थेंब घेऊन काहीच झालं नाही तर? तर मग तो बरा झाला. पुरता बरा झाला. मग तो वास, तो रुमाल, तो कोपरा, कशालाच भ्यायला नको. तो इथंच राहील. तिला ते इतकं हवं होतं की विचार किती खुळा आहे हे तिच्या लक्षात आलं नाही.

राजाराम गिरणीच्या फाटकावर जाऊन आला होता. आत येताच मामांच्या पुढ्यातली बाटली त्यानं पाहिली. लेबल कोकमाचं होतं, पण त्याला लेबल वाचावं लागलं नाही. तो दारातच उभा राहिला.

"आये, ह्या काय?"

आनंदीबाईंनी सगळं सांगितलं, आनंदानं, थोडं रडत, त्याच्या तोंडावरून हात फिरवत. तो ऐकत राहिला. मग सावकाश म्हणाला, "आये, मी घेवचंय नाय. थय आमका सांगितलेला असा, जय ओततत थय बसूचा पण नाय."

"थयचो देव वेगळो, हयचो वेगळो," मामा म्हणाले.

"थय देव नाय, मामा."

"मगे तुका बरो कोणी केलो? डॉक्टरान? माझी बहीण वर्षभर उपास करता हा, ता काय फुकट?"

आनंदीबाई खाली बसल्या. त्यांनी आवाज चढवला नाही, आणि तेच वाईट होतं. "नको घेव. माझ्यार पाप येवंदे. मी म्हातारी, माझा काय!"

"दादा," शरच्चंद्र म्हणाला, "आईसाठी. नुसता हात पुढे कर."

राजारामनं एकेकाकडे पाहिलं आणि शेवटी नलूकडे. त्या बघण्यात विचारणं होतं. करंजाखाली बसून तो असाच बघायचा, तू सांग, तू म्हणशील तसं. एक शब्द पुरला असता. नलूनं मान खाली घातली आणि रश्शातला पळा हलवला.

"बरा," राजाराम म्हणाला.

दिवे लागल्यावर खोली शेणानं सारवल्यासारखी स्वच्छ करून मधोमध दोन पाट मांडले. नवस जोडीनं फेडायचा म्हणून नलू राजारामच्या शेजारी बसली. तोंडं दक्षिणेला, गावाकडे. पुढ्यात नारळ, विडी, कोंबड्याच्या रश्शाचं पान आणि करवंटीत ओतलेली ती. तिचा वास खोलीभर झाला. शेजारची चार माणसं दारात हात जोडून उभी राहिली. मामा उभे राहिले, आणि तो म्हातारा एकाएकी मोठा दिसायला लागला.

"बा राखणदारा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"तुझी लेकरां पोटासाठी तुझ्या शिवेभायर पडली, मुंबैत येवन गिरणीत खपली, पण तुका इसारली नाय रे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या आनंदीन आपल्या झिलासाठी जो नवस बोललो, तो आज ती फेडता हा. कोंबो घे, नारळ घे, तुझी बाटली घे. आणि ह्या लेकराक वायट वाटेक लावणारो जो कोण आसात, तेका सात समिंदरापलीकडे धाड रे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

राजारामचा आवाजही त्यात होता. मामांनी करवंटी उचलली आणि त्याच्याकडे वळले. "हात पुढे कर."

राजारामनं उजवा तळवा पुढे केला. नलूनं, पूजेत बायकोनं करायचं असतं तसं, आपली बोटं त्याच्या मनगटाला लावली. आणि तिला कळलं. हात कापत नव्हता. भीतीनं, संकोचानं, कशानंच कापत नव्हता. बोटं जवळ आली होती, तळव्याचा खोलगा झाला होता, एक थेंबही सांडू नये असा. मनगटातली नाडी जोरात उडत होती. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. वर्षभर जो चेहरा तिनं पाहिला नव्हता तो परत आला होता, डोळे करवंटीवर, ओठ किंचित उघडे. आईसाठी हात पुढे केलेला माणूस असा दिसत नाही.

मामांनी करवंटी कलती केली. नलूनं मनगटावरचा हात सरकवून आपला तळवा त्याच्या तळव्यावर धरला. धार तिच्या हातात पडली. कुणाला काही कळायच्या आत तिनं हात तोंडाला लावला आणि सगळं पिऊन टाकलं.

घसा जळत गेला. डोळ्यांतून पाणी आलं. दारातल्या बायकांनी तोंडावर हात ठेवले. "वैनी!" शरच्चंद्र ओरडला, आणि आनंदीबाईंच्या तोंडून नुसतं "अगो बाये" एवढंच आलं.

"ह्या काय केलंस?" मामा म्हणाले.

नलूला ठसका लागला होता. ती थांबली, मग म्हणाली, "मामा, पूजेत मी नुसता यांच्या हाताला हात लावते तर अर्धं पुण्य मला मिळतं, असं तुम्हीच आमच्या लग्नात सांगितलंत. मग तीर्थ पण अर्धं माझं. माझ्या वाटचं मी घेतलं. यांच्या वाटचं हवं असेल तर राखणदाराला सांगा, माझ्याकडे मागायला."

 मामांनी करवंटीकडे पाहिलं, नलूकडे पाहिलं, गावाच्या दिशेला पाहिलं. त्यांच्या मिशा हलायला लागल्या.

"बायल म्हणजे अर्धा आंग," ते अखेर म्हणाले, आणि आवाज चढवला, "आणि ह्या अर्धा आंग जरा जास्तच तिखट दिलंस रे, म्हाराजा! तीर्थ पोचला! मान्य करून घे!"

"व्हय म्हाराजा!" चाळ म्हणाली, हसत, आणि आनंदीबाईंनी सुनेला पोटाशी धरलं. मग पानं मांडली गेली. झील बरा झाला, नवस फिटला, असं त्या दाराशी येईल त्याला सांगत होत्या, पोटाच्या दुखण्याचं सोंग पार विसरून.

राजाराम पानावर नव्हता. नलूनं चूळ भरली, मिठाच्या पाण्यानं पुन्हा भरली, दोन लवंगा चावल्या आणि गॅलरीत आली. तो पार टोकाला कठड्याला पाठ लावून उभा होता. वर्षभर जे तिच्या मनात होतं ते सगळं तिच्या पायांत आलं आणि ती त्याच्याकडे भरभर चालत गेली.

"थांब," तो म्हणाला. "तिथंच थांब, नलू. येतोय अजून वास."

ती थांबली. दोघांमध्ये एका खोलीच्या दाराएवढं अंतर होतं.

"मी घेतलं असतं," तो म्हणाला. "आईसाठी नाही. तू मध्ये हात घातलास तेव्हा मला तुझा राग आला. मारावंसं वाटलं तुला, क्षणभर. माझं होतं ते, तू कसं घेतलंस, असं वाटलं."

"पाहिलं मी तुमचं तोंड."

"मी बरा झालो असं समजून आलो. आज कळलं."

"आणि मी मान खाली घातली," नलू म्हणाली. "तुम्ही बघत होतात तेव्हा. मला वाटलं, घेतलंत आणि काही झालं नाही, तर मग कायमचे राहाल. मला तुम्ही इथं हवे होतात हो. इतके हवे होतात."  जवळ जाऊन त्याच्या छातीवर डोकं टेकायला तिचा जीव तडफडत होता, आणि तोंडाला तो वास होता.

खाली गल्लीत कुणीतरी मोठ्यानं हसलं. राजारामनं रुमाल काढला, नाकाला लावला आणि परत खिशात ठेवला. तिच्यापुढे आता लपवायचं काही उरलं नव्हतं.

"डॉक्टर म्हणाले होते, घसरशील असं वाटलं तर घसरायच्या आधी ये. दार उघडंच असतं. तिथं हातमाग शिकवायला माणूस हवाय त्यांना. मी नाही म्हटलं होतं. म्हटलं, घर आहे माझं." तो थांबला. "किती दिवस लागतील ते मला सांगता येत नाही. वर्ष, दोन वर्षं. काहीजण तिथंच राहतात."

नलूनं कठडा घट्ट धरला. राहा, असं एकदा म्हटलं असतं तर तो राहिला असता. ते दोघांनाही ठाऊक होतं.

"सकाळच्या गाडीनं जा," ती म्हणाली. "आईंना मी सांगते. भावजींनाही सांगते, लग्नाच्या घरी खरं काय ते सांगून टाका म्हणून."

"आणि तू?"

"मला वाट बघायची सवय आहे."

"सवय सुटते, नलू," तो म्हणाला. "मी तेच तर शिकतोय."

"माझी सुटायला नको," ती म्हणाली, आणि आणखी एकदा चूळ भरायला आत गेली.